टायरच्या हवेचा पिवळा दिवा: नव्या गाडीवाल्यांसाठी टीपीएमएसची ओळख

नवी गाडी ताब्यात देताना शोरूमचा मुलगा सनरूफ दोनदा उघडून दाखवतो, मोबाईल जोडून देतो, पेढ्याच्या बॉक्ससोबत फोटो काढतो. टायरच्या हवेचा विषय निघाला की मात्र "ते ऑटोमॅटिक आहे सर, कमी झाली की दिवा लागतो" एवढं बोलून पुढं सरकतो. मग एके दिवशी घाटात किंवा थंडीतल्या सकाळी तो पिवळा दिवा लागतो, आणि गाडी थांबवायची, पंपावर न्यायची की दुर्लक्ष करायचं, यातलं काहीच सुचत नाही.

या सोयीचं नाव टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टीपीएमएस. नव्यानं गाडी घेतलेल्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. या एकाच नावाखाली आणि एकाच दिव्याखाली दोन अगदी वेगळ्या व्यवस्था विकल्या जातात. एकीत प्रत्येक चाकाच्या आत खरोखर सेन्सर बसवलेला असतो. दुसरीत चाकात काहीच नसतं, गाडी नुसता अंदाज बांधते. आपल्याकडं कुठली आहे हे माहीत नसेल, तर दिव्यावर किती विश्वास ठेवायचा, हवा भरल्यावर काय करायचं, पंक्चरवाल्याला काय सांगायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही.

आधी दाराजवळचा स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. दार जिथं टेकतं त्या खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा हवी हे त्यावर लिहिलेलं असतं, बहुधा दोन प्रकारे: थोडी माणसं असताना आणि गाडी पूर्ण भरलेली असताना. आकडे पीएसआयमध्ये, किलोपास्कलमध्ये किंवा बारमध्ये असतात. २२० किलोपास्कल म्हणजे २.२ बार म्हणजे साधारण ३२ पीएसआय. २३० असेल तर ३३ धरा.

टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हवा भरण्यासाठी नसतो. त्या टायरला सोसेल असा तो जास्तीत जास्त दाब असतो. पंपावरचा पोऱ्या "सगळ्यांना पस्तीस मारतो" म्हणाला तरी तुम्ही स्टिकरचाच आकडा सांगायचा.

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. पंप सात-आठ किलोमीटरवर असेल तर घरीच सकाळी स्वतःच्या गेजनं मोजा. समजा चार कमी निघाले. पंपावर टायर गरम झालेलं असेल, गेज वेगळाच आकडा दाखवेल. जो दाखवेल त्यात चार वाढवा आणि निघा. साधं गेज काही शे रुपयांत येतं आणि टीपीएमएस असलेल्या गाडीतही ते असावंच असं माझं ठाम मत आहे.

आपल्या गाडीत कुठली टीपीएमएस आहे?

मीटरवरचा मेनू चाळा. चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर चाकांत सेन्सर आहेत, विषय संपला. आकडे नसून नुसता दिवा असेल आणि मेनूमध्ये किंवा स्टिअरिंगच्या खाली डावी-उजवीकडे 'सेट' किंवा 'रीसेट'चं बटण असेल, तर बहुतेक ती अंदाजाची पद्धत आहे. खात्री मॅन्युअलमध्ये होते.

व्हॉल्व्हकडं बघूनही थोडं कळतं. बुडाशी नट असलेला धातूचा व्हॉल्व्ह दिसला तर आत सेन्सर असण्याची दाट शक्यता. पण उलट खरं नाही, रबरी व्हॉल्व्हलाही सेन्सर जोडलेले असतात. म्हणून "रबराचा आहे, सेन्सर नसणार" असं समजून कुणाला टायर उचकटू देऊ नका.

अजून एक. आपल्याकडं ही सोय बऱ्याचदा वरच्या व्हेरिएंटलाच मिळते. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलमध्ये आकडे दिसतात आणि तुमच्यात नाहीत, म्हणून तुमच्यात बिघाड आहे असं नाही.

चाकातला सेन्सर काय करतो

रिमच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काड्यापेटीपेक्षा लहान अशी एक प्लास्टिकची डबी असते. वजन जेमतेम तीसेक ग्रॅम, पण चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये तेवढंही मोजावं लागतं. डबीला बारीक छिद्र असतं, त्यातून टायरमधली हवा आत जाते. आत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबानं तो किंचित वाकतो, वाकला की त्याचा विद्युत रोध बदलतो, आणि त्या बदलावरून दाब मोजला जातो. सोबत तापमान मोजणारा भाग असतो. चाक फिरतंय का हे ओळखणाराही एक असतो. बाकी जागा लिथियमची बॅटरी आणि छोटा रेडिओ ट्रान्समीटर व्यापतात.

भारतात आणि युरोपात हे सेन्सर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेत बहुधा ३१५ वर. गाडीच्या रिमोट चावीचाही हाच पट्टा असतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि निरोपासोबत तो क्रमांक जातो. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये चार क्रमांक नोंदवलेले असतात, त्या चौघांचंच तो ऐकतो. नाहीतर साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीची हवा तुमच्या मीटरवर दिसली असती.

बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची असल्यामुळे सेन्सर सतत बोलत नाही. गाडी उभी असताना तो झोपलेला असतो. गाडीनं वीस-पंचवीसचा वेग घेतला की जागा होतो आणि साधारण मिनिटाला एकदा आकडा पाठवतो. हवा झपाट्यानं उतरायला लागली तर मात्र मिनिटाची वाट न बघता लगेच कळवतो. म्हणून सकाळी चावी फिरवल्या फिरवल्या मीटरवर आकड्यांच्या जागी रेघा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. कॉलनीच्या बाहेर पडेपर्यंत आकडे येतात. काही गाड्या रेघांऐवजी काल रात्रीचाच आकडा दाखवतात, आणि ते जास्त फसवं. रात्रीत खिळ्यानं हवा गेलेली असली तरी पहिली दोन-तीन मिनिटं मीटर "सगळं ठीक" म्हणतं. निघताना चारी चाकांवर नजर टाकायची सवय सोडू नका.

या पद्धतीचा खरा उपयोग हळू गळतीत होतो. ऊस हंगामात कराड-कोरेगावच्या बाजूला रस्त्यावर काय काय पडलेलं असतं हे इकडं राहणाऱ्याला सांगायला नको. ट्रॉल्यांचे तुटके नट, बाभळीचे काटे, बैलांच्या पत्र्यांचे खिळे. असा बारीक खिळा ट्यूबलेस टायरमध्ये घुसला की तोच भोक बुजवून बसतो आणि हवा दिवसाला एक-दोन पीएसआयनं कमी होत राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, कारण आजकालचं रेडियल टायर २५ पीएसआयला आणि ३३ ला जवळजवळ सारखंच दिसतं. मीटरवर मात्र तीन चाकं ३३ आणि एक २९, दुसऱ्या दिवशी २७, असं दिसतं. दिवा लागायची वाट न बघता त्याच दिवशी पंक्चरवाला गाठा.

तुलना करताना गाडी कुठं उभी होती तेही बघा. एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल तर उन्हाकडची दोन्ही चाकं दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. ती गळती नव्हे.

सेन्सर नसलेली पद्धत

दुसरी व्यवस्था एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सोयीच्या, सेन्सरवर चालते. ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत आधीपासून असतातच. हवा कमी झालेलं चाक किंचित दबतं, त्याची त्रिज्या कमी होते, आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेरे मारावे लागतात. यात्रेत बापाचं बोट धरून चालणाऱ्या पोराला दुप्पट पावलं टाकावी लागतात, तसंच. बाकी तिघांपेक्षा एक चाक सतत जास्त फिरतंय असं दिसलं की कॉम्प्युटर दिवा लावतो. सुधारलेल्या व्यवस्था चाकाच्या कंपनांतले बदलही तपासतात.

स्वस्त आणि टिकाऊ पद्धत आहे. बॅटरी नाही, चाकात मोडण्यासारखं काही नाही, पंक्चरवाल्याची धास्ती नाही. पण मर्यादा ओळखून असा. तिला हवेचा आकडा माहीतच नसतो, त्यामुळं ती तो दाखवू शकत नाही. चारही चाकांची हवा महिना-दीड महिन्यात सारखीच उतरली, तर नुसत्या तुलनेवर चालणारी व्यवस्था गप्प बसते, कारण चौघं एकमेकांशी जुळत असतात. वळणावर बाहेरचं चाक तसंही जास्त फिरतं, खडीवर चाक सरकतं, म्हणून अशा ठिकाणची मोजणी ती विचारात घेत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासकडं जाताना सलग सरळ रस्ता मिळतो कुठं? तिथं दिव्याला उशीर होणार हे धरून चाला.

दिवा लागला तर

टायरचा खालून सपाट आडवा छेद आणि मध्ये उद्गारचिन्ह, असा तो पिवळा दिवा. चावी फिरवल्यावर दोन-चार सेकंद लागून विझला तर ती नुसती तपासणी असते. त्यानंतर दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचा अर्थ वेगळा.

दिवा लागला आणि स्थिर राहिला: हवा कमी आहे.

दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला: हवेचं माहीत नाही, व्यवस्थेतच बिघाड आहे. एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली असेल, सेन्सर नसलेली स्टेपनी लावली असेल, टायर बदलताना सेन्सर तुटला असेल, किंवा स्वस्तातला चार्जर वा डॅशकॅम रेडिओच्या निरोपात खरखर घालत असेल. चार्जर काढून एकदा चालवून बघायला पैसे पडत नाहीत.

दिवा लागतो तेव्हा हवा किती उतरलेली असते? बहुतेकांना वाटतं एक-दोन पीएसआय. तसं नाही. अमेरिकेच्या नियमात शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा धरलाय, युरोपात २० टक्के. म्हणजे स्टिकरवर ३३ असेल तर दिवा लागेपर्यंत चाक २५-२६ वर आलेलं असू शकतं. एवढ्या कमी हवेत भरलेली गाडी घेऊन महामार्गावर शंभरनं पळवली तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात, आणि मे महिन्यात टायर फुटतात ते बहुतेक असेच. त्यामुळं पिवळा दिवा म्हणजे 'बघू सावकाश' नव्हे.

पुणे-सातारा प्रवासात खंबाटकीत दिवा लागलाय असं समजा. मग या क्रमानं:

१. जोरात ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका. वेग हळूहळू कमी करा, डाव्या लेनला या.

२. मीटरवर आकडे असतील तर बघा. एकच चाक पडतंय की चारही थोडी कमी आहेत? २७-२८ ला स्थिर असेल तर साठच्या आत चालवत पुढच्या पंपापर्यंत जाता येतं. आकडा डोळ्यांदेखत उतरत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा फटफट आवाज येत असेल, तर जागा मिळेल तिथं थांबायचं.

३. "जागा मिळेल तिथं" याचा अर्थ वळणावर नव्हे. समोरून-मागून दिसेल असा रुंद, सपाट भाग गाठा. त्यात रिम खराब झाली तरी चालेल, मागून येणाऱ्या ट्रकसमोर उभं राहण्यापेक्षा ते परवडलं. पार्किंग लाइट लुकलुकते ठेवा, त्रिकोण मागं बऱ्याच अंतरावर ठेवा, बायका-पोरांना गाडीत न बसवता रेलिंगच्या पलीकडं उभं करा.

४. खिळा दिसला तरी तो जागेवर उपसू नका. बुजलेलं भोक मोकळं होईल आणि उरलेली हवाही जाईल. हवा भरायचा छोटा पंप जवळ असेल तर खिळ्यासकट भरा आणि पंक्चरच्या दुकानापर्यंत चला.

५. अंदाजाच्या पद्धतीची गाडी असेल तर कुठलं चाक हे दिवा बहुधा सांगत नाही. चारही चाकं गेजनं मोजा.

स्टेपनी बघायला डिकी उघडाल तेव्हा ती आहे ना, याची खात्री घरीच करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट आहे, तिला स्टेपनी देणं बंधनकारक नाही. त्याऐवजी सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. तो कसा जोडायचा हे घराच्या पार्किंगमध्ये एकदा बघून ठेवलेलं बरं, रात्री शिरवळच्या पुढं मोबाईलच्या उजेडात मॅन्युअल वाचण्यापेक्षा.

थंडी, ऊन आणि आपले घाट

डिसेंबर-जानेवारीत सकाळी लागणारा आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर आपोआप विझणारा दिवा, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. याला बिघाड म्हणत नाहीत. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयनं उतरतो. दुपारी फलटणला ३२ अंशांत हवा भरली, मुक्कामाला महाबळेश्वरला गेलात आणि पहाटे वेण्णा लेकच्या बाजूला ७ अंश आहेत, तर पंचवीस अंशांच्या फरकानं जवळपास चार पीएसआय गेले. हवा कुठंही गळालेली नाही. आधीच दोन-तीन कमी असतील तर दिवा लागायला एवढं पुरतं. टायर तापलं की दाब वाढतो आणि दिवा विझतो. विझला म्हणून विषय सोडू नका, गार टायरमध्ये स्टिकरइतकी हवा भरून घ्या.

उलट बाजूनं, तापलेल्या टायरची हवा सोडू नका. पसरणी घाट उतरून वाईत आलात की मीटरवर ३७-३८ दिसेल. रस्ता, वेग आणि ब्रेकची उष्णता मिळून तीन ते पाच पीएसआय वाढणं ठरलेलंच आहे आणि टायर बनवणाऱ्यानं ते गृहीत धरलेलं असतं. तिथं ३३ पर्यंत उतरवलीत तर दुसऱ्या सकाळी टायर २८-२९ ला सापडेल.

गेज आणि मीटर यांच्या आकड्यांत एक-दोनचा फरक दिसतो त्याचं एक कारण सातारा जिल्ह्याच्या उंचीत आहे. साधं गेज टायरमधला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतं. चाकातल्या सेन्सरला बाहेरची हवा माहीत नसते, तो टायरमधला पूर्ण दाब मोजतो आणि त्यातून वातावरणाचा दाब वजा करावा लागतो. काही गाड्या तो प्रत्यक्ष मोजून वजा करतात, काही समुद्रसपाटीचा १४.७ पीएसआय धरून मोकळ्या होतात. सातारा शहर सुमारे ७४० मीटरवर आहे, इथं वातावरणाचा दाब साडेतेराच्या आसपास असतो. म्हणून गेज ३३ म्हणत असताना मीटर ३२ च्या खाली दाखवू शकतं. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला हाच फरक दोनच्या वर जातो. दोघांतलं कोणीही खोटं बोलत नाही. हवा भरताना चांगल्या गेजचा आकडा धरा, आणि मीटरवर चाका-चाकांतला फरक व रोजचा बदल बघा.

नायट्रोजनचा आग्रह बरेच टायरवाले करतात. सेन्सरला त्यानं काहीही फरक पडत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या.

हवा भरल्यावर रीसेट

चाकात सेन्सर असतील तर बहुतेक गाड्यांत काही करावं लागत नाही. थोडं चालवलं की आकडा बदलतो, दिवा विझतो. अंदाजाच्या पद्धतीत मात्र चारही चाकांत गार असताना बरोबर हवा भरायची आणि मग 'सेट' दाबायचं. त्यानंतर गाडी काही किलोमीटर चालवून 'बरोबर हवेचं चाक कसं फिरतं' हे शिकते. नवे टायर टाकले, चाकांची अदलाबदल केली तरी पुन्हा सेट करायचं.

इथं सगळ्यात घातक चूक होते. दिवा त्रास देतोय म्हणून हवा न भरताच लोक सेट दाबतात. दिवा लगेच विझतो. गाडीनं आता २६ ला बरोबर मानलं, आणि यापुढं ती २६ पासून खाली मोजणार. कुणी दुसऱ्यानं, अगदी सर्व्हिसिंगच्या मुलानंही, असं केलेलं असू शकतं. म्हणून गाडी सर्व्हिसिंगहून आली की गेज लावा आणि स्वतः सेट करा.

आकडे दाखवणाऱ्या गाडीत पुढची चाकं मागं घेतली की काही गाड्या स्वतः ओळखतात, काहींना सांगावं लागतं. सांगितलं नाही तर मीटर पुढचं डावं चाक दाखवतं आणि खिळा मागच्या चाकात निघतो.

पंक्चरवाल्याकडे

ट्यूबलेसचं साधं पंक्चर बाहेरून स्ट्रिप घालून निघतं, टायर रिमवरून उतरत नाही आणि सेन्सरला धक्का लागायचा प्रश्न येत नाही. टायर रिमवरून काढायचा असेल तेव्हा मात्र तोंड उघडा:

"मामा, चाकात सेन्सर आहे. व्हॉल्व्हच्या बाजूनं पट्टी घालू नका."

"कुठं आहे, व्हॉल्व्हच्या खालीच ना? मग पलीकडनं सोडवतो. काय काळजी नाही, निवांत बसा."

हायवेवरच्या बऱ्याच जणांना आता हे माहीत आहे, पण आधी सांगितल्यानं कुणी रागावत नाही. नंतर सांगून उपयोग नसतो. मशीनवर टायरची कडा रिमपासून दाबून सोडवताना ते फावडं व्हॉल्व्हपासून लांब, समोरच्या बाजूला लागलं पाहिजे. हातानं पट्टीनं काढत असतील तर व्हॉल्व्हच्या आसपास पट्टी खोल घालायची नाही. एवढं पाळलं की सेन्सर वाचतो.

टायर बदलताना व्हॉल्व्हच्या बुडाचं रबरी वॉशर आणि आतली पिन नवी टाकून घ्या. किरकोळ पैशांचं काम आहे, आणि जुन्या वॉशरमधून गळणारी हवा शोधण्यात जाणारा वेळ त्याहून महाग. नट जोर लावून पिळू द्यायचा नाही, व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो आणि तुटतो. याच कारणानं हौसेनं पितळेच्या किंवा स्टीलच्या चकचकीत टोप्या बसवू नका. दोन धातू आणि आपला चार महिन्यांचा पाऊस मिळून टोपी अशी गंजून बसते की काढताना व्हॉल्व्हच मोडतो. प्लास्टिकची टोपी उत्तम.

सीलंट वापरलं असेल तर पंक्चरवाल्याला तेही सांगा. तो चिकट द्रव सेन्सरच्या छिद्रात सुकला तर आकडा अडकून बसतो. टायर उघडल्यावर सेन्सर ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा, छिद्रात तार किंवा सुई घालायची नाही.

गाडीत ही सोय नसेल तर

बाहेरून बसवायचं किट काही हजारांत मिळतं. एक प्रकार व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून लावायचा, दुसरा रिमच्या आत बसवायचा. टोपीवाला पाच मिनिटांत घरी बसतो, पण तो व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो. त्याचा रबरी वॉशर झिजला की हवा त्याच्याचमधून जाते. लांब रबरी व्हॉल्व्हला त्याचं वजन वेगात सोसत नाही आणि दरवेळी हवा भरताना तो पान्यानं सोडवावा लागतो. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. टायर नवे टाकायचेच असतील तर आतला प्रकार घ्या, टायर तसंही उघडलेलं असतं.

सेन्सरचं आयुष्य

चाकातल्या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते. कंपनीच्या सेन्सरमध्ये ती राळेत बंद केलेली असते, त्यामुळं बॅटरी बदलत नाहीत, पूर्ण सेन्सर बदलतात. फक्त थंडीच्या सकाळी दिवा लुकलुकतो आणि दुपारी ठीक असतो, ही बॅटरी शेवटाला आल्याची खूण. नव्या सेन्सरचा क्रमांक गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या चालवता चालवता शिकतात, काहींना स्कॅनर जोडावा लागतो. हे काम दुकानदाराकडं होतं का, ते सेन्सर विकत घेण्याआधी विचारा.

जुनी गाडी बघायला गेलात तर चावी फिरवून हा दिवा दोन सेकंद लागतो का ते आवर्जून बघा. अजिबात लागत नसेल तर कुणीतरी बल्ब किंवा सेटिंग बंद केलंय. सात-आठ वर्षांच्या गाडीत एका सेन्सरची बॅटरी गेली असेल तर उरलेल्या तिघांचीही फार दूर नाही. अशा वेळी टायर बदलायला आले असतील तर चारही सेन्सर त्याच दिवशी टाकून घ्या, टायर उतरवायची आणि बॅलन्सिंगची मजुरी एकदाच पडते.